जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलचा खेळ: आधी मोजा, मग शिम घाला

ट्रॉली घेऊन वरच्या गिअरला लागलं की स्टिअरिंग हातात थरथरतं. मागून येणाऱ्याला पुढचं चाक डुगडुगताना दिसतं. मग कोणीतरी सांगतं, "बुश गेलेत, एक वायसर टाक, बसेल." वायसर टाकला जातो, आठ दिवस बरं वाटतं आणि नवव्या दिवशी पुन्हा तीच डुगडुग. फरक एवढाच की आता स्टिअरिंग जडही झालेलं असतं.

चूक वायसरची नसते. कुठला खेळ (सैलपणा) आहे हे न बघता तो टाकलेला असतो. हे काम बिघडलेलं इतक्या वेळा पाहिलंय की पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने लिहून ठेवावंसं वाटलं. पुढचं सगळं टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरबद्दल आहे, साधारण ३५ ते ५० एचपीच्या, दहा-पंधरा वर्षं राबलेल्या. फोर-व्हील ड्राइव्हच्या पुढच्या ॲक्सलमध्ये गिअर आणि तेल असतं, त्याला ही पद्धत लावू नका.

## सुरुवातीआधी: खेळ दोन प्रकारचा असतो

जुन्या घराच्या दाराची बिजागरी आठवा. दार वर उचललं की खालीवर हलतं, हा एक खेळ. बिजागरीत चकती घातली की तो जातो. दुसरा खेळ म्हणजे खिळा झिजून दार एका बाजूला लोंबतं आणि उंबऱ्याला घासतं. तिथे कितीही चकत्या घाला, दार लोंबतच राहणार, कारण भोक मोठं झालंय आणि खिळा बारीक झालाय.

ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलमध्ये हेच तीन ठिकाणी घडतं. दोन्ही टोकांना स्पिंडल उभे असतात. बरेच मेकॅनिक त्यांना किंगपिनही म्हणतात. प्रत्येक स्पिंडल वर एक आणि खाली एक अशा दोन बुशांमध्ये, म्हणजे आत दाबून बसवलेल्या धातूच्या अस्तरांमध्ये, फिरतो आणि खाली थ्रस्ट बेअरिंग ट्रॅक्टरचं वजन पेलतं. तिसरी जागा मधली सेंटर पिन. खाचखळग्यात अख्खा ॲक्सल तिच्यावर डावीउजवीकडे झुलतो.

पिनच्या लांबीच्या दिशेचा खेळ शिमने, म्हणजे नेमक्या जाडीच्या पातळ चकतीने, निघतो. पिनच्या गोलाईभोवतीचा खेळ शिमने निघत नाही, त्याला बुशच बदलावा लागतो. पुढचे सगळे टप्पे या एका फरकावर उभे आहेत.

## टप्पा १: जागा, हत्यारं आणि ट्रॅक्टर उचलणं

काम सपाट, कडक जमिनीवरच करा. शेडचा कोबा सर्वांत चांगला. मातीत जॅक एका बाजूला खचतो आणि तुम्ही तेव्हा खाली झोपलेले असता.

हत्यारं जमवून ठेवा: पाच टनांच्या वरचा हायड्रोलिक जॅक, दोन भक्कम स्टँड, पाने, पहार, पितळी किंवा तांब्याचा दांडा, वायर ब्रश, ग्रीस गन, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि व्हर्नियर (व्यास आणि जाडी मोजायला). शेवटच्या दोन वस्तू नाहीत म्हणून लोक अंदाजाने काम करतात आणि इथेच पहिली चूक होते. दोन्ही मिळून फार खर्च येत नाही, तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. डायल गेज (काट्याने बारीक हालचाल दाखवणारं) असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

आता उचलण्याचा क्रम. मागचं अवजार जमिनीवर टेकवा. हँडब्रेक लावा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके ठोका. पुढे वजनं लावलेली असतील तर काढून घ्या.

त्यानंतर बहुतेक जण विसरतात ती गोष्ट. ॲक्सल सेंटर पिनवर झुलता असतो, त्यामुळे ट्रॅक्टरचं पुढचं टोक उचललं की वरचं धूड डावीउजवीकडे कलू शकतं. ॲक्सलची बीम (आडवा दांडा) आणि वरचा सपोर्ट (सेंटर पिन धरणारा ट्रॅक्टरचा पुढचा भाग) यांच्या मधल्या जागेत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोका. मगच जॅक लावा. उचलून झालं की स्टँड पुढच्या सपोर्टखाली द्या, इंजिनच्या ऑइल चेंबरखाली नको.

> सावधान: नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली हातसुद्धा घालू नका. विटांच्या चवडीवर तर कधीच नको. वीट सूचना न देता फुटते.

## टप्पा २: धुवा आणि नीट बघा

डिझेल आणि वायर ब्रशने स्पिंडलची वरची-खालची कड, सेंटर पिनची पुढची-मागची कड आणि सगळे ग्रीस निप्पल स्वच्छ करा. पेट्रोल वापरू नका.

धुण्याआधी मात्र दोन मिनिटं नुसतं बघा. स्पिंडलच्या कडेला काळं, ओलसर ग्रीस असेल तर बुशपर्यंत वंगण पोचतंय. लालसर कोरडी पूड दिसली, बोटावर घेतल्यावर विटेच्या चुऱ्यासारखी लागली, तर तिथे लोखंड लोखंडावर घासतंय आणि ग्रीस कित्येक महिने पोचलेलं नाही. अशा ठिकाणी शिमचा विचार सोडा, आत बुश उरलाच असेल तर नशीब.

प्रत्येक निप्पलला ग्रीस गन लावून बघा. एखाद्यात ग्रीस जातच नसेल तर त्यावर खडूने खूण करा. त्याचं कारण टप्पा ६ मध्ये येईल.

## टप्पा ३: खेळ कुठला ते शोधा, याच क्रमाने

चाक हलवून बघितलं आणि ते हललं एवढ्यावर "बुश गेले" म्हणणं बरोबर नाही. चाक हलण्याची निदान चार कारणं असतात. क्रम बदलला तर एकाचा दोष दुसऱ्यावर जातो.

पहिलं, व्हील बेअरिंग. चाक हवेत असताना वरून आणि खालून धरून आतबाहेर हलवा. दुसऱ्या माणसाला हबच्या मागे बसवून बघायला सांगा. हब हलतो आणि त्यामागचा स्पिंडल जागेवर राहतो, असं असेल तर खेळ बेअरिंगचा आहे. तो आधी काढा. डस्ट कॅप काढून स्प्लिट पिन काढा, चाक फिरवत नट आवळत जा, चाक जड झालं की नट पुढच्या खाचेपर्यंत सैल करा आणि नवी स्प्लिट पिन घाला. चाक अडखळत फिरत असेल किंवा आतून घरघर येत असेल तर बेअरिंग काढून बघावंच लागेल.

दुसरं, टाय रॉडचे (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे) एंड, म्हणजे बॉल जॉइंट. चाक डावीउजवीकडून धरून हलवा आणि त्याच वेळी बॉल जॉइंटवर बोट ठेवा. कटकट बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही.

तिसरं, स्टिअरिंग आर्मची चावी किंवा स्प्लाइन (जोडाचे दाते). स्पिंडलच्या डोक्यावर बसलेला आर्म आणि स्पिंडल यांच्यात हालचाल होते का बघा. इथे क्लॅम्पचा बोल्ट सैल असतो किंवा चावी झिजलेली असते. चार बुश बदलूनही स्टिअरिंग डुगडुगतंच अशी तक्रार येते, तेव्हा कारण बऱ्याचदा इथे सापडतं.

चौथे, बुश. पुन्हा चाक वरून-खालून हलवा. आता हब आणि स्पिंडल एकत्र हलताहेत आणि ॲक्सलच्या टोकाची नळी स्थिर आहे, असं दिसलं तरच खेळ बुशचा.

इथे घाबरून जाऊ नका. टायर मोठा, बुश जवळजवळ, त्यामुळे बुशमधला खेळ टायरच्या कडेला कित्येक पटींनी मोठा दिसतो. ६.००-१६ चा टायर आणि दोन बुशांत एक वीतभर अंतर धरलं तर जवळपास चौपट. टायरला ४ मिमी हललं तर बुशमध्ये सुमारे १ मिमी समजा.

सर्वांत शेवटी सेंटर पिन. पाचरी काढू नका, फक्त सैल करा. पहार बीमखाली घालून बीम वर दाबा. बीम सपोर्टच्या दिशेने टक्कन वर गेली तर गोलाईचा खेळ आहे. मग पहार बीमच्या पुढून आणि मागून लावून ढकला. पुढेमागे सरकली तर तो लांबीचा खेळ.

## टप्पा ४: मोजा आणि लिहा

वहीचं एक पान घ्या. डावा स्पिंडल, उजवा स्पिंडल, सेंटर पिन, आणि प्रत्येकापुढे दोन आकडे.

स्पिंडलचा लांबीचा खेळ मोजायची सोपी रीत अशी: ट्रॅक्टर चाकांवर, जमिनीवर उभा असताना मोजा. वजनाने नळी थ्रस्ट बेअरिंगवर बसलेली असते, म्हणजे सगळा खेळ वर, स्टिअरिंग आर्म आणि नळीची कड यांच्या फटीत जमा होतो. तिथे फिलर गेजची पाती घाला. पाती सरकते पण किंचित ओढ लागते, तो आकडा खरा. फटीत रबरी रिंग असेल तर ती आधी बाजूला करा, नाहीतर तुम्ही रबर मोजाल.

एकदा मोजून थांबू नका. चाकं सरळ ठेवून मोजा, पूर्ण डावीकडे वळवून मोजा, पूर्ण उजवीकडे वळवून मोजा. ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळ चालतो, त्यामुळे सगळे पृष्ठभाग सरळ स्थितीत जास्त झिजतात आणि वळणाच्या टोकाला कमी. सरळ स्थितीतला मोठा आकडा धरून शिम घातला तर सरळ चालताना छान वाटतं, पण बांधावर पूर्ण वळवलं की स्टिअरिंग अडकतं. "शिम घातल्यावर जड झालं" या तक्रारीमागे हेच असतं.

गोलाईच्या खेळासाठी डायल गेजचा चुंबकी पाया नळीवर ठेवून काटा स्पिंडलला टेकवा आणि चाक हलवा. डायल गेज नसेल तर स्पिंडल बाहेर काढल्यावर मोजा: व्हर्नियरने स्पिंडलचा व्यास दोन काटकोनी दिशांनी घ्या, बुशचा आतला व्यासही तसाच. दोन दिशांचे आकडे वेगळे आले म्हणजे गोल वस्तू अंडाकृती झाली आहे.

## टप्पा ५: शिम की बुश?

तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच अंतिम. नसेल तर मी कामाला वापरतो ते आकडे असे.

गोलाईत नव्या बुशचा मोकळेपणा ०.०५ ते ०.१५ मिमी. ०.३ पर्यंत ट्रॅक्टर चालवा, ग्रीस वेळेवर द्या आणि पुढच्या हंगामाआधी पुन्हा मोजा. ०.५ च्या पुढे गेला की बुश बदला, शिमकडे वळूच नका. गोलाईत सैल असलेला स्पिंडल वरून शिमने दाबून धरला तर तो तिरका होऊन फिरतो आणि नवा थ्रस्ट बेअरिंगसुद्धा एका कडेने खातो.

गोलाई ठीक आहे आणि लांबीत ०.५ मिमीपेक्षा जास्त फट आहे, मग शिम. लांबीचा खेळ शून्य करायचा नसतो. स्पिंडलला ०.१ ते ०.३ मिमी आणि सेंटर पिनला थोडा जास्त, अर्ध्या मिलीमीटरपर्यंत, मोकळा ठेवा. ग्रीसला जागा लागते.

लांबीची फट २ मिमीच्या पुढे असेल तर शिम कापायच्या आधी थ्रस्ट बेअरिंग बघा. बऱ्याचदा आतले गोळे फुटून बेअरिंगच बसलेलं असतं आणि फट त्यामुळे पडलेली असते. त्यावर शिम चढवणं म्हणजे मोडक्या पायाच्या खाटेला उशी लावणं.

> तपासा: सहाही आकडे कागदावर आहेत का? व्हील बेअरिंग, टाय रॉड, आर्मचा बोल्ट हे तिन्ही नीट करून झालेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: उतरवणं आणि बुश बदलणं

चाक आणि हब काढा. आर्म काढण्याआधी सेंटर पंचने आर्मवर एक आणि स्पिंडलच्या डोक्यावर बरोबर समोर एक ठिपका मारा. स्प्लाइन एका दातानेही चुकली तर दोन चाकं दोन दिशांना बघायला लागतात आणि टाय रॉडची चूडी पुरत नाही. डावी-उजवीचे भाग वेगवेगळ्या पत्र्यात ठेवा. दिसायला सारखे असले तरी झीज सारखी नसते.

स्पिंडल खाली उतरवताना त्याखाली जॅक किंवा ओंडका असू द्या, चांगलाच जड असतो. गंजून बसला असेल तर रॉकेल किंवा गंज सोडवायचं तेल देऊन रात्रभर सोडा. गॅसने तापवायची वेळ आली तर डिझेलची टाकी, पाइप आणि सगळं ग्रीस किती लांब आहे ते आधी बघा.

जुना बुश बाहेर काढल्यावर नळीच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवा. पायरी लागली तर बुश बाहेरूनही सैल फिरत होता. अशा नळीला लेथवर मोठं करून जाड बुश घालणं हा पक्का उपाय. हंगाम तोंडावर आहे आणि सैलपणा ०.१-०.२ मिमीचाच आहे, तर नव्या बुशच्या बाहेरून पोलादी किंवा पितळी शिम पट्टीचा एकच वेढा देता येतो. पट्टीची दोन टोकं एकमेकांवर चढू द्यायची नाहीत, जोड ज्या बाजूला भार कमी तिथे घ्यायचा, आणि ग्रीसचं भोक पट्टीतही पाडायचं. हा तात्पुरताच उपाय आहे. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा यासाठी वापरू नका. जाडी जमते, साधारण ०.१ मिमी असते, पण ॲल्युमिनियम मऊ आहे, हादऱ्यांनी चेपून महिन्याभरात बाहेर येतं. स्पिंडल आणि बुश यांच्या मधे तर कुठलाही पत्रा गुंडाळायचा नाही, तो फिरत्या जागेत सुरळी होऊन स्पिंडलला ओरखडे पाडतो.

नवा बुश बसवताना एकच चूक सगळ्यांत महाग पडते. बुशला ग्रीससाठी भोक असतं आणि ते नळीवरच्या निप्पलच्या भोकासमोरच यायला हवं. एका ट्रॅक्टरचे बुश बाहेरून बदलून आणले होते. चार महिन्यांत उजवा स्पिंडल पुन्हा डुगडुगू लागला. उघडला तेव्हा आत ग्रीसचा थेंब नव्हता, फक्त ती लाल पूड. बुश ठोकून काढला तर त्याच्या पाठीवर, निप्पलच्या भोकाच्या जागी, ग्रीसचा बटणाएवढा घट्ट काळा गोळा चिकटलेला होता. बुशचं भोक तिथून करंगळीभर बाजूला. मालक दर आठवड्याला इमानाने ग्रीस मारत होता आणि ते सगळं बुशच्या पाठीवर आपटून परत फिरत होतं. टप्पा २ मध्ये ज्या निप्पलवर खडूची खूण केली, तिथे बहुतेक हेच सापडेल.

म्हणून बुश आत घालण्याआधी भोकाच्या रेषेत त्याच्या कडेवर मार्करने रेघ ओढा, तशीच रेघ नळीच्या कडेवर निप्पलच्या रेषेत. दोन रेघा जुळवून मगच दाबा. बसल्यावर निप्पल काढून भोकातून बारीक तार घाला. ती थेट आत निघाली पाहिजे.

बुश घणाने ठोकू नका, कड फुलते. लांब स्टड, दोन नट आणि दोन जाड वायसर घेऊन ओढत आत घ्या. आदल्या रात्री बुश घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला तर काम सोपं होतं. ४० मिमीचा काशाचा बुश उणे १८ अंशांना साधारण ०.०३ मिमी आकसतो. ऐकायला थोडं आहे, पण ओढताना हाताला कळतं.

दाबून बसवलेला बुश आतून किंचित आवळतो, त्यामुळे स्पिंडल जाणार नाही किंवा घट्ट जाईल. वरचा-खालचा बुश एकाच रेषेत रीमर (भोक बारीक कापून मापाला आणणारं हत्यार) फिरवून मोकळे करावे लागतात. हे काम लेथवाल्याकडे द्या आणि बरोबर स्पिंडलही द्या. "अंदाजे ४० चं भोक" असं सांगू नका. दोन्ही बुश वेगवेगळे रीम केले तर प्रत्येकात स्पिंडल छान फिरतो, दोघांत मिळून अडकतो.

> तपासा: ग्रीस लावलेला स्पिंडल हाताने आत जायला हवा, स्वतःच्या वजनाने अलगद खाली उतरायला हवा आणि आडवा हलता कामा नये.

## टप्पा ७: शिम मोजणं, कापणं, घालणं

जुने आकडे आता फेकून द्या. बुश नवा, कदाचित थ्रस्ट बेअरिंगही नवं, म्हणजे फट बदलली. टप्पा ४ चा आकडा धरूनच शिम कापणं ही फार नेहमीची चूक आहे.

एकदा शिमशिवाय पूर्ण जोडा. थ्रस्ट बेअरिंगची टोपीसारखी बंद बाजू वर ठेवा, म्हणजे पाणी-चिखल आत साचत नाही. आर्म खुणेला खूण जुळवून पूर्ण खाली बसवा आणि बोल्ट आवळा. ट्रॅक्टर चाकांवर उतरवा, थोडा पुढेमागे करा, मग तीन स्थितींत फट मोजा.

समजा डाव्या स्पिंडलला सरळ १.६, पूर्ण डावीकडे १.४ आणि पूर्ण उजवीकडे १.५ मिमी आले. सर्वांत लहान आकडा घ्यायचा, १.४. त्यातून ठेवायचा मोकळेपणा ०.२ वजा केला की शिम १.२ मिमीचा. सरळ स्थितीत मग ०.४ उरेल, त्याला हरकत नाही. तो पूर्ण काढायच्या नादात वळण अडेल.

१.२ मिमी कसा भरायचा? १ मिमीची एक कडक चकती आणि ०.२ ची एक शिम. ०.१ च्या बारा पातळ शिमा नकोत, त्या हलत्या जागेत फाटतात. पातळ शिम कधीही फिरत्या पृष्ठभागाला लागू द्यायची नाही. ती दोन जाड चकत्यांच्या मधे किंवा आर्मसोबत फिरणाऱ्या बाजूला, आर्मला चिकटून ठेवा. घासायला नेहमी जाड, कडक चकती पुढे. दुकानातले साधे पत्र्याचे वायसर मऊ असतात आणि दाबून कापलेले असल्याने एका बाजूची कड उचललेली असते. वापरायचेच असतील तर काचेवर ठेवून डोलतात का बघा आणि जाडी तीन जागी मोजा. छापलेल्या जाडीवर विश्वास ठेवू नका.

शिम पत्र्यातून कापायची असेल तर पत्रा दोन प्लायच्या तुकड्यांत घट्ट दाबून भोक पाडा, नाहीतर भोक चिंधाळतं. आतलं भोक स्पिंडलपेक्षा अर्धा मिमी मोठं, बाहेरची कड आर्मच्या बैठकीएवढी. दोन्ही कडांवरची धार बारीक कानशीने काढा. नखाला लागणारी धार म्हणजे मोजमापात ०.०५ ची चूक.

घालून झाल्यावर टाय रॉड जोडण्याआधी चाक हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही घट्ट जागा लागता कामा नये. लागली तर ०.१ कमी करा.

## टप्पा ८: सेंटर पिन

स्पिंडल आधी आणि सेंटर पिन नंतर हा क्रम पाळा. दोन्ही एकदम सोडले तर ॲक्सल धरायला काही उरत नाही.

लांबीच्या खेळासाठी शिम बीमच्या बॉसच्या (पिन जिथून जाते त्या जाड भागाच्या) पुढे किंवा मागे येते. नियम साधा: झीज ज्या बाजूला, शिम त्याच बाजूला. पुढे चालताना जमीन चाकांना मागे ढकलते, त्यामुळे मागचा पृष्ठभाग जास्त खाल्लेला असतो. तिथेच भर घातली की ॲक्सल मूळ जागी येतो. पुढून घातली तर खेळ जाईल, पण ॲक्सल कायमचा मागे सरकून बसेल.

पिन बाहेर काढली की तिची खालची बाजू बघा. ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाचं वजन पिनच्या खालच्या अंगाने बुशवर येतं, त्यामुळे वरची अर्धी पिन नव्यासारखी आणि खालची खोलगट असं दिसतं. झीज थोडी असेल आणि लॉक बोल्टची जागा तशी असेल तर पिन अर्धा फेरा फिरवून बसवता येते. ग्रीसचं भोक मग कुठे जातं ते आधी बघा. पिनमधूनच ग्रीस जात असेल आणि फिरवल्यावर वाट बंद होत असेल तर पिन नवीनच घ्या.

जोडल्यावर, स्टँडवर ट्रॅक्टर भक्कम असल्याची खात्री करून पाचरी काढा आणि ॲक्सलचं एक टोक हाताने दाबा. तो न अडखळता झुलला पाहिजे. अडकला तर खाचखळग्यात एक चाक हवेत राहील आणि सगळा पीळ सपोर्टच्या बोल्टांवर येईल.

## टप्पा ९: ग्रीस, टो-इन आणि चाचणी

ग्रीस चाकं हवेत असताना भरा. चाकं जमिनीवर असली की भार घेणारी बाजू पिनला घट्ट चिकटलेली असते आणि ग्रीस सोप्या, मोकळ्या बाजूने निघून जातं. वजन उतरलं की ते सगळीकडे फिरतं. लिथियम ईपी, एनएलजीआय २ घट्टपणाचं ग्रीस चालतं. दोन्ही कडांतून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन मारा. मधे एकदा चाकं टोकापर्यंत वळवून घ्या. भाताच्या चिखलणीत, केजव्हील लावून पाण्यात चालवत असाल तर रोज संध्याकाळी ग्रीस द्या. आत शिरलेलं पाणी नव्या ग्रीसनेच बाहेर ढकललं जातं.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं, सर्वांत शेवटी. आधी केलं तर सगळं वाया, कारण खेळ गेला की चाकांची दिशा आपोआप बदलते. चाकं सरळ ठेवा. दोन्ही टायरच्या मधोमध, हबच्या उंचीला, पुढच्या बाजूला खडूची खूण करून अंतर मोजा. ट्रॅक्टर पुढे ढकलून त्याच खुणा बरोबर मागे आणा, त्याच उंचीला पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा काही मिलीमीटर कमी असायला हवं. नेमकं किती ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये आहे. दोन वेगळ्या जागांच्या खुणा मोजू नका, वाकडा रिम तुम्हाला फसवेल. टाय रॉड फिरवून आकडा जमवा आणि चेकनट आवळायला विसरू नका.

पहिली फेरी ट्रॉलीशिवाय, मोकळ्या रस्त्यावर, हळूहळू वेग वाढवत. थरथर नाही, वळवून सोडल्यावर स्टिअरिंग सरळ यायला बघतं, दोन्हीकडे सारखंच हलकं वळतं, हे तिन्ही बघा. परत आल्यावर स्पिंडलच्या वरच्या कडेला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर शिम जास्त झालाय, त्याच दिवशी उघडा.

दहा तास काम झाल्यावर आर्मचे क्लॅम्प बोल्ट, सेंटर पिनचा लॉक बोल्ट आणि चेकनट पुन्हा आवळा. ट्रॅक्टर जमिनीवर ठेवून आर्मखालच्या तिन्ही फटी परत मोजा. नव्या चकत्या बसून पहिल्या काही तासांत ०.१ मिमी इकडेतिकडे होतं. त्याहून जास्त फरक आला तर आर्म बहुधा पूर्ण खाली बसला नव्हता. तो सोडून बैठक पुसा, पुन्हा बसवा आणि नवा आकडा वहीत तारखेसह लिहा.